स्वयंपाकघरातला खर्ज

जिथं ऐकणारं कुणी नाही, तिथला आवाज चालू ठेवावा का? तुम्ही काय म्हणाल?

विश्रामनं तो बंद केला होता.

नदीकाठच्या त्या मठात सभामंडप, ओसरी, धर्मशाळा, स्वयंपाकघर, सगळीकडे त्यानं नवे स्पीकर बसवले होते. प्रत्येकाचा ॲम्प्लिफायर वेगळा, पण सगळे त्याच्या लॅपटॉपला जोडलेले. कुठला तापला, कुठला बंद पडला, बसल्या जागी दिसायचं. लहानपणी तो याच मठात पखवाज शिकला होता. शहरात गेला, तसा पखवाज सुटला.

संध्याकाळी त्यानं मठाच्या दयाळबुवांना लॅपटॉप दाखवला.

"सगळे ठिपके हिरवे," बुवा म्हणाले. "हा एकच काळा का?"

"तो स्वयंपाकघरातला. रोज सकाळी तापून लाल व्हायचा. कुणीतरी त्याचा खर्ज, म्हणजे बेस, पार वर नेऊन ठेवलाय. जळाला असता, म्हणून इथूनच बंद केला."

"मीच नेला होता."

"बुवा, तिथं फक्त सुभद्राकाकू असतात. त्यांना तर..."

"ऐकू येत नाही. ठाऊक आहे मला."

"मग?"

"तू बंद केल्यापासून रोज भाकरी करपतेय. तुझ्या पाटीवर आलं का ते?"

विश्राम हसला. बुवा हसले नाहीत.

"चल. पाटी घे बरोबर."

काकू चुलीपाशी होत्या. बुवांनी त्यांना हातानं खूण केली आणि विश्रामला म्हणाले, "सकाळची भूपाळी लाव."

भूपाळी जुन्या टेपवरची. गाणारे बुवाच, तरुणपणचे. पखवाजावर दामूअण्णा. काकूंचे यजमान आणि विश्रामचे गुरू. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

विश्रामनं ॲम्प्लिफायर चालू केला. काकूंनी हाताचं पीठ झटकलं, स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

बुवांनी विश्रामचा हात धरून शेजारी ठेवला.

"तिथं नाही रे," काकू म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं. "इथं, खाली. ह्यांची थाप इथं येते. हल्ली सकाळी चूल सोडून वाट बघत उभी राहते, येतच नव्हती."

त्यांनी त्याचा हात खाली सरकवला.



मग विश्रामची बोटं खोक्यावर आपोआप हलू लागली. थोडी पुढे गेली, अडखळली.

काकूंनी डोळे न उघडताच मान हलवली. "अजून तिथंच चुकतोस."

लॅपटॉपवरचा ठिपका लाल झाला.

"बुवा... तापला."

"मग कर की बंद," बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भूपाळीच्या आधी, विश्रामनं स्वयंपाकघरात एक पंखा आणून ठेवला, ॲम्प्लिफायरकडे तोंड करून.