करंजामागची ढोली

जंगलात नुकतीच शाळा निघाली होती, तेव्हाची गोष्ट. करंजाखाली सावली थोडी, म्हणून सगळ्यांनी खेटून बसायचं, असा तिथला रिवाज होता.

एके दिवशी कासवगुरुजींनी करंजामागची मोठी ढोली साळिंदर, वटवाघूळ आणि खवले मांजरासाठी राखून ठेवली. मधल्या सुट्टीत ती तिघं आत जायची. झिपरी खारीला चैन पडेना. आत काय असेल? खाऊ असेल, की गुरुजी त्यांना गुपचूप जास्तीचं शिकवत असतील?

"गुरुजी, त्यांनाच ढोली का? आम्ही काय सावत्र?" तिने शेवटी विचारलंच.

"जाऊन बघ," गुरुजी म्हणाले. "पण विचारून आत जा."

झिपरीने दाराशी थांबून विचारलं, "येऊ का?"

"ये की," आतून आवाज आला.

आत खाऊ नव्हता, फळाही नव्हता. वटवाघूळ उलटं लटकून डुलक्या घेत होतं. एरवी अंगाची गुंडाळी करून बसणारं खवले मांजर चक्क उताणं पसरलं होतं. साळिंदराने सगळे काटे फुलवून अंग झाडलं आणि सुस्कारा सोडला.

"एवढंच करता इथे?" झिपरीने विचारलं.

"वर्गात कुणाला टोचू नये म्हणून काटे आवळून बसावं लागतं," साळिंदर म्हणालं. "अंग आखडतं. मग गुरुजी काय शिकवतात, तिकडे लक्षच लागत नाही."

सुट्टी संपली. झिपरी आपल्या जागी बसली, तेव्हा पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की आपली झुबकेदार शेपटी दोघांची जागा अडवते. तिने ती उचलून मांडीवर घेतली आणि शेजारच्या साळिंदराला हळूच म्हणाली, "सैल बस."