ऋतंभरांचा निष्कंप स्वर

त्रेतायुग नुकते उजाडले होते आणि यज्ञांच्या धुराने देवांचे डोळे अजून चुरचुरू लागले नव्हते, त्या काळी तमालवृक्षांनी वेढलेल्या शुभ्रतोया नदीच्या तीरी ऋतंभर नावाचे सामगायक ऋषी राहत असत. स्वर मोजायला बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवीत ते साम गाऊ लागले की आश्रमातल्या हरिणी तोंडातला घास विसरत. परंतु पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्याच यज्ञात गाताना त्यांचा स्वर थरथरला. कापऱ्या स्वरात गाणे हा तर सामगायकाचा महान दोष! ऋत्विजांनी एकमेकांकडे पाहिले. पत्नीचा वियोग ऋषींनी कसाबसा सोसला होता. ऋत्विजांचे ते एकमेकांकडे पाहणे मात्र त्यांच्या जिव्हारी लागले.

मग घोर तप आरंभून त्यांनी वाग्देवीला प्रसन्न करून घेतले.

"हे शुभ्रवसने, हर्ष, शोक, भय, ममता, कशानेही माझा स्वर हलू नये, एवढेच दे!"

देवी म्हणाली, "वत्सा, शब्दातला अर्थ सर्वांचा असतो. बोलणारा कळतो तो त्याच्या स्वराच्या चढउतारातून. तरीही मागतोस?"

"मागतो."

"तथास्तु!"

तेव्हापासून ऋतंभरांच्या गायनात दोष म्हणून सापडेना. सम्राट पृथुकीर्तीने आपल्या अश्वमेधाचे उद्गातेपद, म्हणजे मुख्य सामगायकाचा मान, त्यांना देऊ केला. आश्रमात मात्र 'बाळ, जेवलीस का?' आणि 'समिधा ओल्या आहेत' ही दोन्ही वाक्ये एकाच सुरात निघू लागली. त्यांची चिमुरडी कन्या रोचना हळूहळू त्यांच्याशी बोलेनाशी झाली. महर्षी स्वतःवर इतके खूश होते की हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

अश्वमेध तोंडावर आला असताना रोचना अरण्यात वाट चुकली. गिरिकर्ण नावाच्या यक्षाने तिला आपल्या गुहेत आश्रय दिला. पावलांचा माग काढीत ऋषी तेथे पोचले, तो यक्ष गदा घेऊन आडवा उभा.

"थांब! या वनात मायावी राक्षस हिंडतात. मघाशीच एक जण हेच रूप घेऊन मुलीला न्यायला आला होता. रूपावर माझा विश्वास नाही. हाक मार. तिने ओळखले तर ती तुझी. न ओळखले, तर ही गदा आणि तुझे मस्तक!"

ऋतंभरांचे काळीज धडधडत होते. "रोचने, बाहेर ये. मी तुझा पिता आहे." स्वर तसूभरही हलला नाही.

आतून बारीक आवाज आला, "हे माझे तात नाहीत. मला नुसती ठेच लागली, तरी माझ्या तातांचा आवाज घाबरायचा."

ऐकून ऋषी कोसळलेच. यक्षाने गदा उगारली.

"जगन्माते, तुझा वर परत घे!" हा आक्रोशही संथा म्हटल्यासारखा सपाट निघाला. तथापि देवी प्रकट झाली आणि गदा अधांतरी थबकली.

"वर परत घेतला की उलटतो, ऋतंभरा. तुझा स्वर यापुढे आमरण कापत राहील. सम्राटाचाच काय, कोणताही यज्ञमंडप तुला उद्गाता म्हणून उभा करणार नाही."

सवयीने पेरांवर फिरत असलेला अंगठा ऋषींनी थांबवला. ज्या विद्येसाठी सारा जन्म वेचला, ती जात होती, आणि त्या जाण्याचे त्यांना रडू येत होते. "घे, माते."

मग त्यांनी हाक मारली, "रोचने!" नाव मध्येच फुटले, उरलेली अक्षरे हुंदक्यात वाहून गेली. मुलगी धावत बाहेर आली आणि बापाच्या गळ्यात पडली. यक्षाने गदा खाली ठेवून तोंड फिरवले; डोळे पुसताना त्याला कोणी पाहायला नको होते.

देवी म्हणाली, "मन हलेल तिथे मनुष्याचा स्वरही हलणारच, आणि आजपासून यज्ञाबाहेर तो दोष ठरणार नाही."

म्हणूनच गवई आजही नीट लागलेला स्वर मुद्दाम किंचित हलवतात, आणि ऐकणारे मान डोलावतात. ऋतंभरांना पुन्हा कोणत्याही यज्ञाचे आमंत्रण आले नाही. रोचना मात्र मनात येईल तेव्हा त्यांना गायला लावी, आणि ते चुकत, थरथरत, शेवटपर्यंत गात.