खेरूचा बर्फ सारवणारा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि ती आमच्या गावची नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचं गाव दोमा, तळ्याच्या अलीकडचं. गोष्ट पलीकडच्या खेरूची. आमचा झुमथांग देश एवढासा, की एका डोंगरावर चढलं की दोन्हीकडच्या सीमा दिसतात. पण देशाची आइस हॉकीची पहिली टीम कुठून निघाली असं विचारा, शेंबडं पोरसुद्धा खेरूचं नाव घेतं. मी दोमाच्या तळ्यावर गेली अकरा वर्षं बर्फ सारवतो. माझं नाव कोणी घेत नाही. असो. ऐका.

खेरूत नामखा आणि रापगे असे दोन मित्र होते. खेळ आणला तो नामखानं. जुन्या विळ्यांची पाती त्यानं बुटांखाली ठोकली, ओली फांदी वाकवून काठी केली, याकच्या शिंगाची चकती कापली आणि तो बर्फावर सुटला. असं म्हणतात, की तो इतक्या वेगानं जाई, की त्याची सावली मागून धापा टाकत येई. रापगेला त्यानंच हात धरून बर्फावर उभं केलं. मग एका हिवाळ्यात नामखा पडला आणि त्याचा गुडघा कायमचा गेला.

रापगे कप्तान झाला आणि नामखा बर्फ सारवू लागला. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. तळं गोठलं तरी वरून खडबडीत असतं. त्यावर गरम पाणी ओतायचं, अगदी पातळ. ते धरलं की पुन्हा ओतायचं. घाई केली की फुगे राहतात. नामखाचा बर्फ इतका नितळ असे, की उडती बदकं त्याला पाणी समजून उतरत आणि पार काठापर्यंत घसरत जात, असं म्हणतात. बदकांचं मी मानतो. माझ्याकडेही एकदा एक उतरलं होतं, पण तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

टाळ्या मात्र रापगेला. लग्नात पहिला चहा रापगेला. नामखा वरून हसे आणि आतून जळे. सारवणारा आपण, त्यावर पळणारा दुसरा आणि लोक कौतुक करतात ते पळणाऱ्याच्या पायांचं. तेव्हा पोटात काय होतं, ते मला कोणी समजावून सांगू नये.

पुढे शेजारच्या मोठ्या देशाची टीम खेळायला येणार असं ठरलं. झुमथांगची पहिली मॅच! आदल्या दिवशी राजा खेरूत आला. त्यानं रापगेच्या गळ्यात रेशमी उपरणं घातलं. शेजारी किटली घेऊन नामखा उभा होता. राजानं विचारलं, "हा कोण?"

कोणीतरी म्हणालं, "तो होय? पाणीवाला आहे, महाराज."

रापगेनं ते ऐकलं आणि तो गप्प राहिला. नामखाच्या ते जिव्हारी लागलं.

रापगे नेहमी डाव्या कोपऱ्यातून गोल करी. मॅचच्या दिवशी पहाटे नामखानं त्या कोपऱ्यातला जाड बर्फ फोडला आणि उघड्या पाण्यावर पापडाएवढा पातळ थर धरू दिला. वरून असा सारवला, की सांधा दिसेना. मॅचआधी बर्फ तपासायचा तो सारवणाऱ्यानंच, दुसऱ्या कोणी पाऊल ठेवायचं नाही, अशी खेरूची रीत होती. त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

मॅच सुरू झाली. पाहुणे दांडगे होते. सगळा खेळ आमच्याच गोलापाशी अडकला आणि बघता बघता दहा गोल चढले. शेवटी एकदाची चकती रापगेला मिळाली आणि तो डाव्या कोपऱ्याकडे निघाला.

"थांब! तिकडे जाऊ नकोस!" नामखा काठावरून ओरडला. पण त्या गर्दीत कोण ऐकतंय? त्यानं किटली फेकली आणि तो धावला. असं म्हणतात, की तेवढ्यापुरता त्याचा गुडघा बरा झाला आणि साध्या बुटांखालून ठिणग्या उडाल्या. रापगेच्या आधी तो कोपऱ्यात पोचला, हात पसरून आडवा उभा राहिला आणि बर्फ फुटून आत गेला.

तो का धावला? खेरूचे लोक म्हणतात, मैत्रीसाठी. म्हणू देत. मला विचाराल, तर आपण सारवलेल्या बर्फात माणूस बुडालेला कुठल्याच सारवणाऱ्याला बघवत नाही.

रापगे पोटावर आडवा झाला, सरपटत कडेपर्यंत गेला आणि त्यानं काठी पुढे केली. नामखा ती धरेना.

"ही जागा मी तुझ्यासाठीच पोकळ केली होती," तो म्हणाला. "जळत होतो तुझ्यावर."

"मलाही तोंड होतं. राजापुढे उघडलं नाही," रापगे म्हणाला. "भांड नंतर. आधी काठी धर!"

असं म्हणतात, की हे बोलणं संपेपर्यंत पाणी नामखाच्या गळ्याशी थांबून राहिलं. मग त्यानं काठी धरली. पाहुणेही पोटावर झोपले, एकमेकांचे पाय धरून त्यांनी साखळी केली आणि नामखाला बाहेर ओढलं. रापगेनं त्याला तसाच ओलाचिंब राजापुढे नेला आणि सांगितलं, "महाराज, हा आमचा पहिला खेळाडू."

नंतर आणखी एक गोल चढला आणि मॅच आम्ही अकरा-शून्य हरलो. दोमाची पोरं असती तर आठावर आटोपलं असतं, पण ते जाऊ द्या.

आजही झुमथांगमध्ये कुठेही मॅच असली, की आधी बर्फ सारवणारा साध्या बुटांनी चारही कोपरे चालतो. कप्तान त्याच्या बाजूनं काठी पुढे धरून पोटावर सरपटत जातो. गर्दी उभी राहून ओरडते, "नामखा! नामखा!" बर्फ माझा, नाव त्याचं.

यंदा आमचा कप्तान माझा धाकटा भाऊ आहे. त्याला टाळ्या किती पडतात, ते सांगत नाही. परवा डाव्या कोपऱ्यात पोचलो, तेव्हा त्यानं काठी पुढे केली आणि खालून माझ्याकडे बघितलं. बर्फ घट्ट होता, मीच सारवला होता. तरी मी ती काठी धरली.