मशीनचा खरा आकडा

"…पण अक्का, खरा आकडा कुठला? दोनशे अंश की दोनशेदहा?"

श्रेणिक कुंभोजेनं हे चौथ्यांदा विचारलं. द्वारकाक्का नुकत्याच त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन टेकल्या होत्या. त्यांनी आधी पाणी मागितलं.

आता हा श्रेणिक म्हणजे इचलकरंजीचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. अक्कांकडे जर्सी छापायला शिकायला आला आणि दोन महिन्यांत "आलं की सगळं" म्हणून बाहेर पडला. स्वतःचं हीटप्रेस घेतलं. छापलेला कागद शर्टावर पालथा ठेवायचा, वरून तापलेली प्लेट दाबायची, की रंगाची वाफ होऊन ती कापडात शिरते. त्यात काय एवढं, म्हणायचा! अक्कांची निम्मी हयात सूत रंगवायच्या भट्टीवर गेलेली. त्या नुसत्या ऐकून घ्यायच्या.

आज मात्र गड्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

त्याची धाकटी बहीण राजमती मुलींच्या खो-खो संघाची कप्तान. गेल्या वर्षी पोरी पाठीला कागदी नंबर टाचून खेळल्या. पहिल्याच झेपेला कागद फाटले आणि अख्खं मैदान हसलं. राजमती घरी येऊन जेवली नव्हती. यंदा थेट राज्य स्पर्धा, आणि उद्या सकाळी सहाला गाडी. "जर्सी माझ्याकडं लागली," श्रेणिकनं छाती ठोकून सांगितलेलं.

पोरी बारा. कोरे शर्ट आणले चौदा. त्यातले दोन आज सकाळीच नासले. आता जास्तीचा एकही उरला नव्हता, आणि याचा हात काही पुढं होईना.

"नासलेले कुठायत?" अक्कांनी विचारलं.

"टाकले."

"कुठं टाकलेस?"

श्रेणिकनं मान खाली घालून टेबलाखालून दोन बोळे काढले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

अक्कांनी ते मांडीवर पसरले. पहिल्यावरचा काळा नंबर डाव्या बाजूला विटकरी पडला होता. म्हणून यानं मशीन दोनशेपंधरावर नेलं, तर दुसऱ्या शर्टाचं मधलं पांढरं कापड पिवळं पडलं. आणि डावीकडचा विटकरी तो विटकरीच.

"कात्री दे."

"अहो अक्का…"

"दे म्हणते ना!"

करकर कापून त्यांनी न छापलेल्या कापडाचे नऊ तुकडे केले. मशीन दोनशेवर आणायला लावलं. प्रत्येक तुकड्यावर काळ्या छपाईचा बोटभर कागद ठेवला आणि तीन-तीनच्या रांगांनी सगळे प्लेटखाली मांडले.

"दाब."

पन्नास सेकंद…

मशीन उघडलं. सहा तुकडे काजळासारखे काळे. डावीकडचे तीन विटकरी.

"मशीन काय म्हणतंय?"

"दोनशे."

"आणि कापड?"

श्रेणिकनं ते तीन विटकरी तुकडे उचलून पाहिले.

मग त्यानं डावीकडं बघितलं. तिथं त्याचा स्टँडफॅन गरगरत होता. उकडू नये म्हणून यानंच फुल्ल सोडलेला, आणि वारा थेट प्लेटच्या त्या बाजूवर, म्हणून तेवढीच बाजू थंड. स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला त्यानं. उठला आणि पंखा बंद केला.

"आता घालू शर्ट?"

"आधी घाम येऊ दे."

प्लेट सगळीकडून सारखी तापावी म्हणून मशीन रिकामंच मिटून दोघं बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं… शेडमध्ये नुसती भट्टी पेटली. श्रेणिकचा सदरा पाठीला चिकटला.

"आता राजमतीचा घे," अक्का म्हणाल्या.

"तिचाच आधी? फसला तर…"

"तिचाच."

त्यानं शर्ट ठेवला, कागद ठेवला, दांडा ओढला. पन्नास सेकंद मोजले. मग दोन बोटांनी कागद सोलला.

सात नंबर. या कडेपासून त्या कडेपर्यंत काळाभोर.

"अक्का!" एवढंच बोलला तो, आणि डोळे पुसायला लागला.

आठव्या शर्टाला शेजारच्या कारखान्यातले सगळे यंत्रमाग एकदम सुरू झाले आणि व्होल्टेज पडून बल्ब मंद झाला. श्रेणिकचा हात दांड्यावर थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आधी एक चिंधी दाबून बघितली. विटकरी आली. आकडा पाचानं वाढवला, थोडा दम धरला, पुन्हा दाबली. काळी. मगच शर्ट घेतला. अक्का सुपारी कातरत होत्या, पण नजर तिकडंच होती.

दिवस कलेपर्यंत बाराही जर्सी दोरीवर चढल्या. श्रेणिकला काय करू नि काय नको असं झालं. पक्क्या शाईचा मार्कर घेऊन तो भिंतीच्या पत्र्यापाशी गेला.

"अक्का, लिहूनच ठेवतो आता. दोनशेपाच. पन्नास सेकंद."

अक्का जायला उठल्या होत्या.

"लिही की," त्या म्हणाल्या. "पण खडूनं लिही."