खडा फुटला, तार पसरली

“बाई, माझा अख्खा वर्ग एका प्रश्नात गारद कसा झाला?”

पायरीवर चपला काढता काढताच अभिराम सातपुतेनं विचारलं. त्याच्या खिशात राजीनाम्याचा कागद होता. वाटेत मला तो दाखवूनही झाला होता.

वत्सलाबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. आमच्या शाळेच्या रसायनशास्त्राच्या बाई, आता निवृत्त. त्यांच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, पण बाईंनी कुणाला सरळ उत्तर दिलेलं काही पाहिलं नाही. अभिराम त्यांचाच विद्यार्थी आणि आता त्यांच्याच जागेवर. पोरगा हुशार, पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ.

“धडा कुठला होता?”

“रासायनिक बंध. मुलं घडाघडा बोलत होती, बाई. एकानं इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्यानं घेतला, तो आयनिक. दोघांनी मिळून वापरले, तो सहसंयुज. सगळ्यांचे सगळ्यांत मोकळे फिरतात, तो धातूचा. एक शब्द चुकला नाही.”

“मग?”

“तपासणीच्या साहेबांनी विचारलं, मीठ पाण्यात विरघळलं की सोडियमला त्याचा इलेक्ट्रॉन परत मिळतो का? झालं. चाळीस मुलं मूग गिळून बसली... शिकवणं माझं काम नाही, बाई.”

बाईंनी एक शेंग फोडली.

“मीठ आणि तांबं. जास्त पक्का बंध कुणाचा?”

“मिठाचा,” तो ताडकन म्हणाला, आणि न विचारता आकडेही सांगितले. बाईंनी मान डोलावली, म्हणजे आकडे बरोबर असावेत.

बाई आत गेल्या. खलातला बत्ता, खडेमिठाचा एक खडा आणि तांब्याच्या तारेचा तुकडा घेऊन आल्या. तिन्ही वस्तू त्याच्यापुढे ठेवल्या.

“हाण.”

खड्यावर बत्ता पडला. खड्याचा चुरा झाला.

तारेवर पडला. तार चपटी झाली आणि थोडी पसरली, पण तुटली नाही.

“पक्का कोण म्हणालास?”



अभिराम त्या चुऱ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू बोलायला लागला. असं अडखळत बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

“मिठात... थर एक घर सरकला की सोडियमसमोर सोडियम येतो. क्लोरिनसमोर क्लोरिन. मग ते एकमेकांना ढकलतात...”

“आणि तांब्यात?”

“तिथं इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसतातच. अणू सरकले तरी ते सगळ्यांना धरूनच ठेवतात.”



बाई पुन्हा शेंगांकडे वळल्या. खरं सांगतो, मला तिथंच उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत बाईंनी फळ्यावर काय काय लिहिलं, पण माझ्यासारख्या सातवी पास माणसालाही पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं.

“वर्गात बोलतं कोण?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“मीच. मी देतो, मुलं घे...”

शब्द अर्धाच राहिला आणि त्याची नजर मिठाच्या चुऱ्यावर गेली. त्याचे कान लाल झाले.

तो म्हणाला, “बाई, उद्या पहिलाच तास माझा आहे. काय घेऊन जाऊ?”

बाईंनी सोललेले दाणे त्याच्या ओंजळीत ओतले.

“तुला उत्तर येत नाही, असा एक प्रश्न.”