ट्रॅक्टरचे तुकडे किती?

“क्लच बदल, पण ट्रॅक्टरचे दोन तुकडे करायचे नाहीत!” रावसाहेब जगदाळ्यांनी हुकूम सोडला.

कौसर मिस्त्रीण पाना पुसत उभी राहिली. रावसाहेबांचा चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर क्लच प्लेट झिजून ऐन वावरात बसला होता. रानाला वाफसा आलेला, पेरणी तोंडावर. आणि क्लच असतो इंजिन नि गिअरबॉक्सच्या मधोमध. ही दोन धुडं वेगळी केल्याशिवाय तिथं हात पोचत नाही.

“दुसरा मार्ग नाही, रावसाहेब.”

“शोध! आमच्या आबासाहेबांनी मरताना आम्हा दोघा भावांना बजावलंय, वाटणीत काय वाट्टेल ते करा, पण या ट्रॅक्टरचे दोन तुकडे करू नका. शब्द म्हणजे शब्द! तीन मिस्त्री पळून गेले. सांजेपर्यंत तुलाही जमलं नाही, तर आमच्या जागेतलं गॅरेज उचलायचं.”

कौसरच्या वडिलांची नजर गेल्यापासून घर त्या पत्र्याच्या शेडवर चाललं होतं. पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही.

“आबासाहेबांचा शब्द परत एकदा सांगता?”

“दोन तुकडे करू नका.”

“एवढंच?”

“एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही!”

“मग जेवून या. आणि दोन गडी हाताशी ठेवा.”

रावसाहेब जेवले, घटकाभर लवंडले, पान लावून परतले आणि जागीच थिजले. पुढच्या चाकांसकट इंजिन ठोकळ्यांवर, आणि चार हात पलीकडे मागच्या चाकांसकट गिअरबॉक्स!

“अगं, केलेस की दोन तुकडे!”

“मोजा.”

“हा एक. हा दोन.”

कौसरनं झिजलेली क्लच प्लेट त्यांच्या हातात ठेवली. “हा तीन. आबासाहेबांनी दोनाला मनाई केली होती. तिनाबद्दल ते काही बोलले नाहीत.”

रावसाहेबांच्या मिश्या थरथरल्या. “आणि मला तीन मंजूर नसतील तर?”

“स्टिअरिंग काढते. चार होतील.”

रावसाहेबांनी प्लेटकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की पानाची पिंक सदऱ्यावर उडाली. “एक कर, पोरी! आता एक कर!”

दिवस मावळायच्या आत नवी प्लेट बसली, ट्रॅक्टर धडधडत पेरणीला लागला. दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी शेडची जागा कौसरच्या नावावर करून दिली; वर इंजिन उचलायला एक नवीकोरी साखळी-कप्पी!