निवलेला भात

एकदा एका डोंगराळ राज्यात प्रजेने राजाला सिंहासनावरून खाली ओढले. कारणे विचाराल तर तिथला कोणताही गुराखी ती सांगू शकला असता. लागोपाठ तीन वर्षे दुष्काळ पडला, तरी वेठबिगार चुकली नाही आणि राजाची कोठारे कुलूपबंदच राहिली. अगदी शेवटी राजा घाबरला. त्याने चौकाचौकांत पेजेची पातेली मांडली; पण उपाशी माणसांनीही त्या पेजेला हात लावला नाही. "यात काय कालवलं असेल कोण जाणे," असे म्हणत लोक पातेल्यांभोवती उभे राहिले आणि तिथूनच जमाव राजवाड्याकडे वळला.

या राजाची एक रीत सर्वांना ठाऊक होती. त्याचे ताट आधी एक चाखणारा चाखत असे. मग घटकाभर वाट पाहायची, आणि चाखणारा धडधाकट दिसला की राजाने जेवायला बसायचे. तीस वर्षांत त्या बिचाऱ्याला गरम भात कसा तो मिळाला नाही. बिचारा राजाला म्हणायचे की त्या चाखणाऱ्याला, हे मात्र तुम्ही ठरवा.

क्रांतीनंतर लोकसमितीचे राज्य आले. जमीन सर्वांची झाली, कोठारे उघडली, माणसे एकमेकांना 'भाई' म्हणू लागली. राजाच्या मुदपाकखान्यात आता सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होऊ लागला आणि दरबाराच्या दालनात दुपारी एकच पंगत बसू लागली. समितीचे अध्यक्षही त्याच पंगतीत मांडी घालून बसत. पहिल्या दिवशी ते दृश्य पाहून एक तरुण ढसाढसा रडला होता. या दिवसासाठी त्याने सख्खा भाऊ गमावला होता. हाच आपल्या कथेतला शिष्य, आणि आता समितीचा चिटणीस.

एके दिवशी जेवणानंतर अध्यक्षांच्या पोटात कळ आली. पंगतीतल्या दोनशे माणसांपैकी दुसऱ्या कुणालाही काही झाले नाही. म्हणजे विष एकट्या अध्यक्षांच्या ताटात घातले गेले, असे ठरले आणि म्हातारा आचारी कोठडीत गेला. क्रांतीच्या दिवशी मुदपाकखान्याचे मागचे दार जमावासाठी आतून उघडणारा आचारी तो हाच.

"ज्यानं राजाचं दार उघडलं, तो उद्या आपलंही उघडेल, भाई," असे म्हणून अध्यक्षांनी आरोपपत्र शिष्यापुढे सरकवले. तीन दिवसांनी, पंगत उठल्यावर चिटणिसाची सही व्हायची होती आणि त्याच संध्याकाळी आचाऱ्याला फाशी.

आता संशय माणसात कसा मुरतो ते पाहा. पहिल्या दिवशी शिष्याला हा आरोप हास्यास्पद वाटला. दुसऱ्या दिवशी त्याला आठवले, की आचारी नेहमी मान खाली घालून वाढतो. तिसऱ्या दिवशी ती खाली घातलेली मानच त्याला पुरावा वाटू लागली. तेव्हा तो स्वतःलाच भ्याला आणि आपल्या गुरूंकडे धावला. गुरू वृद्ध वैद्य होते. एकेकाळी राजाचे औषधही त्यांच्याच हातचे असे.

"गुरुजी, सही करू का?"

"मला आज पंगतीला घेऊन चल," गुरू एवढेच म्हणाले.

पंगतीत गुरूंना मानाने अध्यक्षांशेजारी बसवले. सर्वांना दालनात वाढले जाई. अध्यक्षांचे ताट मात्र आतून वाढून येई. ते कामाच्या घाईत असतात, अशीच सर्वांची समजूत होती. ते ताट आले, आणि गुरूंनी शांतपणे ते स्वतःपुढे ओढून आपले ताट अध्यक्षांपुढे ठेवले. पहारेकरी पुढे सरसावले. अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला आणि समोरच्या ताटाला त्यांनी बोटही लावले नाही.

गुरूंनी एक घास खाल्ला आणि शिष्याला हाक मारली. "या भाताला हात लावून बघ."

शिष्याने हात लावला. भात थंडगार होता. शेजारच्या ताटातून मात्र वाफा निघत होत्या. एकाच पातेल्यातला भात! तो उठून थेट मुदपाकखान्याच्या दारापाशी गेला. दाराआड राजाचा जुना चाखणारा उभा होता. डोक्यावर समितीची नवी टोपी होती, एवढाच काय तो फरक.

"म्हातारबा, अध्यक्षांना कळ आली त्या दिवशीही तुम्ही चाखलं होतं?"

म्हाताऱ्याने अध्यक्षांकडे पाहिले, मग जमिनीकडे. "होय, भाई. मला काहीसुद्धा झालं नाही."

"क्रांतीला शत्रू असतात, आजोबा," अध्यक्ष गुरूंना पुटपुटत म्हणाले.

"असतात ना," गुरू म्हणाले. "पण आचारी निर्दोष आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते सांगायचं तर चाखणाराही कबूल करावा लागला असता, म्हणून तुम्ही एका माणसाचा जीव घ्यायला निघालात. ही पोटातली कळ विषाची नाही, भीतीची; ती माझ्या ओळखीची आहे, राजाला मी तिच्यावर वीस वर्षं औषध दिलं. भुकेनं लोक रस्त्यावर आले हे खरं. पण राजानं पेज मांडली तेव्हा ते माघारी का फिरले नाहीत? तो जन्मभर त्यांना भ्याला होता, म्हणून त्याच्या हातचं खायला तेही भ्याले. तुम्ही कोठारं उघडलीत, फार चांगलं केलंत. त्याची भीती मात्र तुम्ही जपून ठेवलीत."

शिष्याने खिशातले आरोपपत्र काढले आणि सर्वांदेखत चुलीत टाकले. मग त्याने वाफाळता भात ताटात वाढून घेतला आणि स्वतः कोठडीकडे गेला. तीन दिवसांच्या उपासाने आचाऱ्याचे डोळे खोल गेले होते. त्याने कोठडीतले काहीच खाल्ले नव्हते.

"काका, चुकलो आम्ही. तुम्ही सुटलात. आधी चार घास खाऊन घ्या."

आचाऱ्याने ताटाकडे पाहिले, मग शिष्याच्या तोंडाकडे. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना जेवू घातले, त्याचा हात पुढे आला नाही.

"आधी तुम्ही खा, भाई," तो म्हणाला.

शिष्याने मान खाली घालून एक घास घेतला. तो गिळताना त्याला रडू आले. आचारी त्याच्याकडे टक लावून बघत बसला, आणि दोघांच्या मधे भात निवत गेला.